शनिवारचा हप्ता

काजमावशींना त्यांच्या खऱ्या नावानं कुणी हाक मारली असती, तर त्यांनीच आधी मागं वळून पाहिलं असतं, कोणाला बोलावताहेत म्हणून. शर्टांची काज-बटणं करून करून त्या काजमावशीच झाल्या होत्या. तिसऱ्या मजल्यावर एक खोली, खिडकीशी स्टूल, शेजारी कधी न संपणारा शर्टांचा ढीग, आणि शनिवारी दुपारी विमाबाई.

विमाबाई छोट्या विम्याचे हप्ते घरोघर गोळा करत. जिन्याच्या दर वळणावर "अगं आई गं" करत. तो आवाज खालून आला की मावशी सुई टोचून ठेवत आणि चहाचं आधण चढवत.

शेजारची भाजीवाली चिडवायची, "मावशी, मेल्यावर मिळायचे पैसे! घ्यायला तुम्ही असणार का?"

"मी नसेन, लेक असेल."

"लेक? ती फोन तरी करते का?"

मावशी दोरा दातानं तोडत. लेक लांब नांदत होती, आपल्या व्यापात. तिच्या पदरात काही पडावं, असं त्यांना मनापासून वाटे. पण सगळे शेजारी नको नको म्हणत असताना त्यांनी विमा घेतला, तो कंपनीकडे बघून नव्हे. कंपनी काळी की गोरी, त्यांना ठाऊक नव्हतं. दर आठवड्याला येऊन "आज डोळे का लाल?" असं विचारणारं माणूस आपले पैसे बुडवणार नाही, एवढाच त्यांचा हिशेब.

मग कंपनीनं घरोघर फिरणं बंद करायचं ठरवलं. हप्ता बँकेतून परस्पर कापला जाणार. त्यासाठी विमाबाईंच्या यंत्रावर एकदा बोट टेकवायचं. मावशींनी अंगठा टेकवला. तांबडा दिवा. सुईनं अंगठ्याच्या रेघा केव्हाच पुसल्या होत्या.

"राहू दे, पुढच्या शनिवारी बघू."

पुढच्या शनिवारी अंगठा, मग तर्जनी. तांबडाच. करंगळीचा ठसा उठतो, हे मावशींना बँकेतल्या अनुभवानं पक्कं ठाऊक होतं. पण करंगळी त्यांनी मुठीत मिटून ठेवली होती.

तिसऱ्या शनिवारी "अगं आई गं" जास्तच वेळा ऐकू आलं. विमाबाई गुडघा दाबत दारातच बसल्या.

"आज शेवटचं हं, मावशी. सोमवारी यंत्र परत द्यायचंय. ठसा नाही उठला तर विमा बंद. इतकी वर्षं भरलेलं पाण्यात!"

"आणि तुमची नोकरी?"

"ती तर गेल्याच आठवड्यात संपली."

"मग आज कुणासाठी चढलात एवढा जिना?"

"आता तेही मीच सांगू?"

मावशी ओशाळल्या. त्यांनी करंगळी पुढं केली. हिरवा दिवा.

विमाबाईंनी दिव्याकडे पाहिलं, मग मावशींकडे. "लबाड कुठल्या! चहात साखर वाढवा आता. दंड."

त्या दिवशी चहा दोनदा झाला. निघताना विमाबाई म्हणाल्या, "येईन कधीतरी, गुडघ्यांना विचारून." गुडघे काय सांगणार, ते दोघींनाही ठाऊक होतं.

पुढच्या शनिवारी दुपारी फोन किणकिणला. हप्ता जमा झाला, धन्यवाद. मावशींनी सुई टोचून ठेवली, आधण चढवलं आणि दार उघडून जिन्याकडे कान लावला.