देवीलालची दिवेलागण

आता गावात रस्त्यावरचे दिवे आपोआप लागतात. कोण लावतं हे कोणाला ठाऊक नाही, आणि विचारावंसंही वाटत नाही. पण ज्या काळी दिवे लावायला माणूस लागायचा, त्या काळी त्या माणसाचं नाव देवीलाल राठोड होतं. संध्याकाळी त्याची सायकल वाजली की घराघरांत आयाबाया म्हणायच्या, "चला, हातपाय धुवा."

देवीलाल नगरपालिकेचा वायरमन. पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलूखभर हिंडलेले. ह्याच्या वाट्याला सात पेट्यांचा फेरा आला. रस्त्यावरच्या दिव्यांचे खटके त्या सात लोखंडी पेट्यांत असत. पहिली पेटी कापूस बाजाराच्या फाटकाशी, शेवटची दवाखान्याजवळ. सायकलवर सगळा मिळून पंधरा मिनिटांचा रस्ता. संध्याकाळी दिवे लावायचे, पहाटे मालवायचे. बावीस वर्षं हे चाललं आणि त्यात, अगदी शेवटचा सोडला तर, खाडा म्हणून नाही. लग्नाच्या दिवशीसुद्धा हळदीच्या अंगाने फेरा करून आला होता म्हणतात. लालीबाई, म्हणजे त्याची बायको, ही गोष्ट सांगताना अजून नाक मुरडते.

दिवे लावायची त्याची रीत मोठी नामी होती. घड्याळावर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. "घड्याळाले काय मालूम, आज आभाळ भरलं हाये का मोकळं हाये?" तो म्हणायचा. फाटकाशी सायकल लावायची, उजवा तळहात डोळ्यांपुढे धरायचा आणि बघत राहायचं. तळहातावरच्या रेषा दिसेनाशा झाल्या की खटका ओढायचा. पहाटे रेषा दिसू लागल्या की बंद. दिवा लागला की खांबालाच हात जोडायचे आणि मग पुढची पेटी.

त्या हात जोडण्याचा थाट बघायचा तर कापसाच्या चांगल्या वर्षांतच बघायला हवा होता. दिवाळी सरली की गाड्यांची रांग फाटकापासून थेट नाल्याच्या पुलापर्यंत लागायची. माप व्हायला दोन-दोन दिवस लागत. रस्त्याकडेला चुली पेटत, बैल कडबा चघळत, आणि गाडीवान पांढऱ्याशुभ्र कापसाच्या ढिगांवर पाय पसरून गप्पा हाणत. देवीलालने खटका ओढला की फाटकापासून पुलापर्यंत सगळे दिवे एकदम लागत. गाडीवान बसल्या जागी उठून हात जोडत. दिव्याला जोडत हो, पण मध्ये उभा असायचा देवीलाल. तो लाजून सायकलीवर टांग मारायचा. असं सुख भल्याभल्यांच्या नशिबी नसतं, हे मी लिहून देतो.

मग ती वर्षं आली. भाव पडला, सरकारी खरेदी आटली, गाड्या कमी कमी होत गेल्या. पुलापर्यंतची रांग वाटेतल्या चिंचेच्या झाडापर्यंत आली, चिंचेपासून फाटकापर्यंत, आणि एका हंगामात आलीच नाही. कापूस गेला कुठे, तर खेड्यातच व्यापाऱ्याच्या टेम्पोत, मिळेल त्या भावाने. फाटकाशी इंदूबाईची चहाची टपरी तेवढी राहिली. देवीलाल मात्र रोज तिथे जाऊन तळहात बघत राहिला.

त्यातच भारनियमन आलं. दहा-दहा, बारा-बारा तास वीज नाही. वरून हुकूम सुटला की पालिकेने आपल्या इमारतींतली वीज वाचवावी. वीज वाचवण्याची पहिली सभा सभागृहातले अकराच्या अकरा पंखे लावून पार पडली, हेही सांगून टाकतो. ह्या कामासाठी यवतमाळहून आभा देशकर नावाची तरुण इंजिनीअर आली होती. तिने उठून आधी सात पंखे बंद केले आणि मग बोलायला सुरुवात केली. देवीलालला ती तिथेच आवडली.

दोघांनी मिळून गाव पिंजून काढलं. दवाखाना, वाचनालय, पालिकेच्या शाळा, सगळीकडचे शंभराचे पिवळे बल्ब गेले आणि वळणावळणाचे पांढरे सीएफएल आले. पाण्याच्या टाकीवरचा पंप कधी चालवायचा ते ठरलं. देवीलालच्या तर अंगातच आलं. रिकाम्या खोलीत पंखा फिरताना दिसला की तो साहेबाच्याही तोंडावर बंद करायचा. शिपाई उकंडा दुपारी नोंदींच्या खोलीत दिवा लावून डुलकी घ्यायचा. देवीलालने एकदा दिवा मालवला, दार ओढून घेतलं आणि वर म्हणाला, "झोपाले उजेड कायले लागते बे? सरकारची वीज तुह्या बापाची हाये का?" उकंडा आठ दिवस त्याच्याशी बोलला नाही.

शेवटी पाळी आली रस्त्यावरच्या दिव्यांची. आभाने खरं ते सांगितलं. "देवीलालभाऊ, पेट्यांना टायमर बसणार. गुढीपाडव्यापासून दिवे आपले आपण लागतील. तुमची नोकरी जात नाही, पण फेरा संपेल."

देवीलालने एकच विचारलं, "त्याले कसं समजन, कवा लावाचं ते?"

"तुम्ही सांगाल तसं. तुमच्याएवढं कोणाला कळतं? रोज कितीला लावता ते वहीत लिहा. तेच वेळापत्रक मी टायमरला देईन."

म्हणजे आपला फेरा मोडायची वही आपल्याच हाताने लिहायची. पण देवीलालला त्यातही अभिमान वाटला. आपण नसलो तरी आपला तळहात पेटीत राहील, असं त्याने लालीबाईला सांगितलं. रोज खटका ओढताना तो टपरीकडे ओरडायचा, "किती वाजले वो?" इंदूबाई घड्याळ बघून सांगायची आणि तो लिहून घ्यायचा. डिसेंबर संपेस्तोवर वहीची दहा पानं भरली.

वही चाळताना आभाच्या कपाळाला आठी पडली. सूर्य मावळतो न मावळतो तोच ह्याचे दिवे लागलेले. पहाटेचंही तसंच, चांगलं उजाडल्यावर बंद. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती स्वतः टपरीच्या बाकावर येऊन बसली. पश्चिमेकडे अजून तांबडं होतं. देवीलालने तळहात डोळ्यांपुढे धरला, जरा जवळ घेतला, आणखी जवळ घेतला.

"झालं. गेल्या रेषा."

आभाने आपला हात बघितला. रेषाच काय, बोटावरचा शाईचा डागसुद्धा स्वच्छ दिसत होता.

"तुमच्याबी गेल्या ना, म्याडम?" त्याने सहज विचारलं.

"हो," ती म्हणाली, "माझ्याही गेल्या."

इंदूबाईने किटली दाणकन आदळली. "खोटं कायले बोलता, बाई? कदीतरी सांगाच लागन. देवीलालभाऊ, रेषा सगळ्याइले दिसतात. चार वर्सं झाली, तुमालेच दिसत नाही. डोयात मोतीबिंदू हाये तुमच्या."

देवीलालचा हात खटक्यावर तसाच राहिला. "चार वर्सं? मंग सांगतलं काहून नाही कोनी?"

"कोन सांगन? सांगतलं असतं तर पालिकेनं तुमाले पंपावर नेऊन बसवलं असतं. अन् उजेड वीस मिनिटं लवकर आला तर कोनाचं काय बिघडते? आमी घरातले दिवे तुमच्यावरच लावतो."

अख्ख्या गावाला ठाऊक होतं. ज्या उकंडाला त्याने दुपारच्या एका बल्बसाठी फैलावर घेतलं होतं, त्यालाही ठाऊक होतं आणि तो एका शब्दाने बोलला नव्हता. हे ध्यानात आलं तेव्हा देवीलाल बाकावर बसला आणि दोन्ही हातांनी डोकं धरून म्हणाला, "म्हंजे वीज मीच जाळून राह्यलो होतो. सांजीले वीस मिनिटं, पहाटे वीस मिनिटं. साऱ्या गावाची."

आभा म्हणाली, "भाऊ, वही राहू द्या. वेळा मी पंचांगावरून काढते. कोणाला काही सांगायला नको."

"नाही जी," देवीलाल म्हणाला. "वही फाडा ती. पाडव्यापर्यंत मी नवी लिहून देतो."

डोळ्याला सुरी लागणार म्हटल्यावर तो मनातून चरकला होता, लपवत काय बसायचं. तरी तो एसटीने यवतमाळला गेला, सरकारी दवाखान्यात डोळा करून घेतला आणि हिरवी पट्टी बांधून परतला. डॉक्टरांनी घरी बसायला सांगितलेले दिवस तो घरी बसला. बावीस वर्षांतला तो पहिला खाडा. त्या दिवसांत फेरा कोणी केला असेल? उकंडाने, आणि न सांगता.

फेब्रुवारी सरत आला तेव्हा देवीलाल नवी वही घेऊन फाटकाशी उभा राहिला. त्याची नेहमीची वेळ झाली. गल्लीतल्या बाया सवयीने दारात आल्या. दिवे काही लागेनात.

"काहून भाऊ, हात दुखते का?" इंदूबाईने विचारलं.

"थांबा वो. अजून लय उजेड हाये," देवीलाल म्हणाला आणि स्वतःच चकित झाला.

तळहातावरची एकूण एक रेष दिसत होती. लहानपणी विळा लागल्याचा वणसुद्धा दिसत होता, तो तर तो विसरूनच गेला होता. त्याने मान वर केली. चिंचेचं पान न् पान वेगळं दिसत होतं. इंदूबाईचे केस पांढरे झालेले दिसले. ते कधी झाले? चार वर्षं त्याची प्रत्येक संध्याकाळ वीस मिनिटं आधीच संपली होती आणि त्याला त्याचा पत्ता नव्हता. वीज तर जळलीच, पण हा एवढा उजेड त्याने फुकट घालवला होता.

मग त्याने फाटकाच्या आत बघितलं, आणि तिथून पुलापर्यंत.

धूसर डोळ्यांना इतकी वर्षं तिथे काहीतरी आहे असंच वाटत आलं होतं. तिकडे काही हललं की बैल असतील, काही पांढुरकं दिसलं की कापूस असेल. गाड्या बंद झाल्या हे त्याला माहीत होतं, पण बघितलं त्याने आज. मैदानात गवत वाढलं होतं. वजनकाट्याच्या खोलीला पत्रा नव्हता. रस्ता पुलापर्यंत मोकळा होता, आणि खांब तेवढे रांगेत उभे होते.

"किती वाजले?" त्याने विचारलं.

"व्हाचा हाये अजून टाइम तुमचा," इंदूबाई म्हणाली. "चहा घ्या."

त्याने चहा घेतला. काळोख हळूहळू आला. रेषा एकेक करून गेल्या, शेवटी आयुष्याची तेवढी राहिली, मग तीही गेली. तेव्हा देवीलालने खटका ओढला. रिकाम्या रस्त्यावर पुलापर्यंत दिवे लागले. दारातल्या बायांनी हात जोडले.

त्याने वहीत वेळ लिहिली. खाली आणखी एक ओळ लिहिली आणि दुसऱ्या दिवशी वही आभाच्या टेबलावर ठेवली. तिने वाचलं: "फाटक ते पूल, एकोणीस दिवे. तिथे आता कोणी येत नाही. दोन ठेवून बाकीचे बंद करावेत."