आमची गाडी आभाळाकडे बघत होती

आमच्या गाडीवर नारळ पडला तेव्हा गाडी उभी होती, हे आधीच सांगून ठेवते. नाहीतर लोक लगेच बाबांच्या ड्रायव्हिंगवर घसरतात.

उभी कुणी करायला लावली? मी. बोर्डीला, टळटळीत उन्हात, "बाबा, सावलीत घ्या, येऊ द्या, येऊ द्या, अजून थोडी, बास" असे हातवारे करून मी गाडी बरोब्बर माडाखाली लावून घेतली. (जन्म डहाणूचा. माडाखाली बसायचं नसतं हे इथल्या कुत्र्यांनाही कळतं. पण मला सीट तापेल याची काळजी.) चहा पिऊन परत येतो तर पुढच्या काचेवर तड्यांचं हे एवढं जाळं, आणि नारळ बॉनेटवर आरामात बसलेला, जसा काही तोच गाडीचा मालक.

"बाबा, काच बघा ना," मी रडवेली.

"बघतोय," बाबा म्हणाले. "इतके दिवस दिसत नव्हती. आता दिसतेय."

आता एका काचेचं एवढं काय, असं वाटेल. तर ऐका. माझे बाबा आयुष्यभर मालगाडीचे ड्रायव्हर. गेल्या वर्षी रिटायर झाले आणि कार शिकायला गेले. मालगाडीला स्टिअरिंग नसतं, हे आम्हाला घरात तोपर्यंत कुणाला सुचलंच नव्हतं. पहिल्याच आठवड्यात रस्ता वळला आणि बाबा वळले नाहीत. ड्रायव्हिंग स्कूलची गाडी थेट एका चिकूवाडीच्या कुंपणात. बाबांचं स्पष्टीकरण असं, की रूळ वळले की गाडी वळतेच, त्यात ड्रायव्हरने काय करायचं?

लायसन्स मिळालं, पण आई बाबांच्या शेजारी बसेना. घाटात नाही, बाजारात नाही, गल्लीतून मेन रोडपर्यंतसुद्धा नाही. आम्ही दोघं कारने निघायचो, ती एसटीने. आणि बहुतेक वेळा तीच आधी पोचायची.

म्हणून मी हट्टाने ही कॅमेरावाली गाडी घ्यायला लावली. आतून, आरशाच्या मागे, काचेला चिकटून एक कॅमेरा असतो. पुढची गाडी जवळ आली की तो ओरडतो, रस्त्यावरचा आपला पट्टा सोडला की स्टिअरिंग हळूच परत ओढतो, अगदीच वेळ आली तर स्वतः ब्रेक मारतो. मी मैदानात आईला डेमो दिला. समोर थर्माकोलचा मोठा खोका ठेवला, बाबा सरळ त्याच्यावर निघाले (सरळ जाण्यात त्यांचा हात कोण धरणार), आणि गाडी खोक्याच्या आधी खाडकन थांबली. माझ्या अंगावर काटा आला. मीच लावलेला खोका, मीच ठरवलेला डेमो, तरी काटा आला.

आई गाडीभोवती एक फेरी मारून आली. "हिला दिसतं?"

"सगळं दिसतं."

"मग रविवारी मी हिच्यातून वेवजीला जाईन. पुढच्या सीटवर."

वेवजी म्हणजे आईचं माहेर. रविवारी तिथे मामाच्या नव्या घराची वास्तुशांत. आईने दोन्ही वहिन्यांना फोन करून सांगून टाकलं, आम्ही आमच्या गाडीने येतोय, हे चालवणारेत. आख्ख्या माहेराला खबर. आणि त्याच आठवड्यात माझा नारळ.

नवी काच डहाणूतच बसली, झकास बसली. पण गाडी सुरू केली तर समोर पिवळी सूचना, कॅमेरा बंद. कंपनीच्या वर्कशॉपला फोन केला तर म्हणाले, काच बदलली की कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन करावं लागतं, केसभर जरी तिरका राहिला तरी त्याला रस्ता भलतीकडे दिसतो. मी हे आईला अर्धा तास समजावलं, हातात ताट घेऊन, ताट तिरकं करून वगैरे.

"मोतीबिंदूसारखंच की," ती म्हणाली. "ऑपरेशन झालं, आता नंबर काढायचा."

अर्धा तास घालवला मी. तिचं एका वाक्यात झालं.

"आणि नंबर निघाला नाही तर मी रविवारी एसटीने जाणार. वहिन्यांना काय सांगायचं ते तू सांग, माडाखाली तू लावलीस."

म्हणजे बघा, सगळं माझ्यावर.

शनिवारी सकाळी मी आणि बाबा तलासरीच्या पुढे हायवेवरच्या वर्कशॉपला निघालो. आई म्हणाली, मी पण येते. कशाला, तर असंच. आली अर्थातच एसटीने. तिथे पोचल्यापासून ती गाडीच्या मागच्या बाजूला उभी, हलेचना. मला वाटलं, मागची काच पण तपासतेय.

काम करणारे हितेशभाई. उंबरगावचे, मराठी आमच्याइतकीच, फक्त मधे मधे गुजराती 'बेन'. आणि त्यांनी जे काही मांडलं ना, मी बघतच राहिले. आरशासारखी सपाट फरशी. गाडीच्या बरोबर नाकासमोर एक स्टँड, त्याच्यावर काळ्या-पांढऱ्या चौकोनांचा भलामोठा फलक, डोळ्याच्या डॉक्टरकडे असतो तसाच, फक्त गाडीच्या मापाचा. चाकांना लावलेल्या यंत्रांतून लाल लेझरच्या रेघा निघालेल्या. हितेशभाई टेप घेऊन इकडून मापतात, तिकडून मापतात, फलक नखभर सरकवतात, परत मापतात. एवढी मोठी लोखंडी वस्तू आणि सगळं चाललंय नखभरासाठी. मी आवाज न करता चालत होते. देवळात चालतात तसं.

"बेन, टायरमध्ये हवा बरोबर आहे?"

"हो हो." (मी कालच भरलेली. हे खरं.)

"टाकी?"

"फुल."

"डिकी रिकामी आहे ना? आत वजन नको."

"एकदम रिकामी," मी म्हटलं. नवीन गाडीच्या डिकीत काय असणार? स्टेपनी. उघडून बघायचं डोक्यातच आलं नाही. आईने पदर खांद्यावरून नीट केला.

लॅपटॉप चालू. आम्ही सगळे श्वास रोखून. फेल.

हितेशभाईंनी परत मापलं. फेल. फलक पुसला. फेल. एक ट्यूबलाइट बंद केली, काचेवर उजेड पडतो म्हणून. फेल. आता त्यांच्या कपाळावर घाम, आणि मी मदत म्हणून शेजारी उभी राहून बोलतेय, "मी व्हिडिओत बघितलं होतं, कधीकधी सॉफ्टवेअर अपडेट लागतं, कधीकधी ब्रॅकेट..."

"बेन, दोन मिनिट."

मग ते गाडीपासून लांब गेले, खाली बसले आणि बाजूने बघत राहिले. बराच वेळ. मग म्हणाले, "गाडी वर बघतेय."

"कुठे वर?"

"आभाळात. मागून दबलीय. डिकीत काय आहे?"

"काही नाही," मी ठामपणे म्हणाले आणि डिकी उघडली.

वर चिकूची खोकी. खोक्यांखाली नारळांचं पोतं. पोत्याच्या बाजूला तांब्याचा हंडा, हंड्यात तांदूळ. आणि सगळ्यात खाली, जुन्या चादरीत गुंडाळलेला, दगडी पाटा. वरवंट्यासकट.

"हा पाटा कोणाचा?" बाबांनी विचारलं.

"वहिनीला हवा होता," आई म्हणाली. "नव्या घरात मिक्सरची चटणी चालेल का?"

"आणि नारळ?"

"वास्तुशांतीला नारळ नको?"

"एवढे? गावजेवण आहे की नारळांचं दुकान काढतोय तुझा भाऊ?"

"हेच. हेच बोलाल म्हणून सांगितलं नाही." मग हितेशभाईंकडे वळून, "आणि तुम्ही विचारलंत ते ह्यांच्यासमोर. माहेरी काय नेतेय ते मी ह्यांच्यासमोर कशी सांगू? तुम्हीच सांगा."

हितेशभाईंनी मान डोलावली. त्यांना पटलं होतं, असं दिसलं. "माझी बायको पण सांगत नाही," ते म्हणाले.

म्हणून आई सकाळपासून डिकीला चिकटून उभी होती. शुक्रवारी शेजारच्या दोघांना हाताशी धरून तिने पाटा चढवून घेतला होता आणि आता पहाऱ्यावर आलेली. पाटा उतरवायला तीन माणसं लागली. पाटा उतरला तशी गाडीची पाठ वर आली, हळूच, एखादी बाई कमरेवरचा हंडा उतरवून उभी राहते तशी. मी खरंच बघितली वर येताना. लॅपटॉपवर हिरवा टिक.

"आता रस्त्यावरचा भाग," हितेशभाई म्हणाले. "हायवेवर एका स्पीडने, एका पट्ट्यात सरळ चालवायची. कॅमेरा रस्ता बघून स्वतः शिकतो. आमचा ड्रायव्हर आज सुट्टीवर आहे, मला लॅपटॉप बघावा लागतो. कोण चालवेल?"

"मी," मी म्हटलं. अर्थातच.

हितेशभाई शेजारी लॅपटॉप घेऊन. निघालो. मी एवढी भारावलेली की काय सांगू, गाडी रस्ता शिकतेय आणि शिकवतेय मी. हे मी त्यांना सांगायला गेले तर स्टिअरिंगवरचा हात सुटला. पुढे टेम्पो आला, ओव्हरटेक केला. परत पट्ट्यात आले, तर ट्रक रांगत होता, त्यालाही ओव्हरटेक केलं. लॅपटॉपवरची हिरवी पट्टी थोडी भरायची आणि परत मागे जायची.

"बेन," हितेशभाई शेवटी म्हणाले, "गाडी गोंधळलीय. तिला वाटतंय रस्ताच हलतोय."

परत आलो. बाबा वर्कशॉपच्या दारात उभे. "मी बघू?" एवढंच म्हणाले.

मी आईकडे बघितलं. आईने हायवेकडे बघितलं, तिथून ट्रकांची रांगच्या रांग चालली होती. ती नाही म्हणणार हे मला माहीत होतं. ती मागचं दार उघडून बसली. "उद्या बसायचंच आहे," म्हणाली, "तर आज बघून घेते." बॅग छातीशी घट्ट धरलेली. मीही बसले तिच्या बाजूला.

बाबांनी गाडी काढली आणि एका वेगावर आणली. मग तो वेग राहिला. म्हणजे राहिलाच. काटा चिकटवल्यासारखा. दोन्ही बाजूंनी पांढरे पट्टे येत होते आणि गाडी त्यांच्या मधोमध, जसे काही खाली रूळ टाकलेत. पुढे ट्रक आला की बाबा मागे, शांत, अंतर ठेवून. घाई नाही, कंटाळा नाही. आणि थोड्या वेळाने ते मोठ्याने म्हणाले, "पुढे मोकळं."

मी आणि आईने एकमेकींकडे बघितलं.

"पुढे मोकळं," परत, जरा चढ्या आवाजात.

"काय झालं हो?" आई घाबरली.

"इंजिनात सिग्नल दिसला की मी मोठ्याने बोलायचो. शेजारच्या असिस्टंटने तेच परत बोलायचं. म्हणजे दोघांनी बघितलं असं पक्कं. कोणी बोललं नाही की मला गाडी चालवता येत नाही."

म्हणजे इतके महिने हे कारमध्ये बसून मनातल्या मनात वाट बघत होते, कोणीतरी उत्तर देईल म्हणून. आणि आम्ही रेडिओ लावायचो.

हितेशभाईंनी तोंड उघडलं, पण आई आधी बोलली. मागून, एकदम हळू. "पुढे मोकळं."

बाबांचे खांदे सैल झाले. मला मागून दिसले.

"डावीकडून रिक्षा."

"डावीकडून रिक्षा," आई.

"ट्रकचा ब्रेक लाइट."

"ब्रेक लाइट. हळू घ्या."

"हळू घेतोय."

आईने बॅग खाली ठेवली. पुढच्या दोन सीटमधून वाकून ती आता रस्ता बघत होती, डोळे बारीक करून, आणि बाबांच्या आधीच सांगायला लागली होती. हिरवी पट्टी न थांबता भरत गेली. तीस-पस्तीस वर्षं हा माणूस डबा घेऊन ड्यूटीला जायचा आणि परत यायचा, आणि मधे काय करायचा ते आम्ही दोघींनी कधी बघितलंच नव्हतं. अंधाऱ्या रात्री, पावसात, मागे मैलभर वॅगन लावून, हे असं. मला काही बोलायलाच सुचेना. (हितेशभाईंना बहुतेक बरं वाटलं.)

"झालं," ते लॅपटॉप मिटत म्हणाले. "काका, एका दमात झालं. माझ्या ड्रायव्हरला पण नाही जमत. आता वळा."

"कुठे?"

"वळायचा तो कट मागे गेला, काका."

"कोणी सांगितलं नाही," बाबा म्हणाले आणि सरळ गेले. वळायला मिळालं तेव्हा गुजरात लागला होता.

रविवारी आई पुढच्या सीटवर. जरीची साडी, गजरा, मांडीवर पर्स. पाटा आणि बाकीचं सगळं डिकीत. (फक्त मोजणीपुरती डिकी रिकामी लागते, हे आईने हितेशभाईंकडून तीनदा वदवून घेतलेलं.) वाटेत माझं मागून चालू होतं, कॅमेरा आत्ता काय बघतोय, पट्टा कसा ओळखतोय, स्क्रीनवर ती छोटी गाडी दिसतेय ना ती म्हणजे पुढची गाडी. पुढे त्या दोघांचं चालू होतं, म्हैस, म्हैस, स्पीड ब्रेकर, स्पीड ब्रेकर. माझं कोणी ऐकत नव्हतं, पण मी थांबले नाही, कारण एवढं भारी काही आयुष्यात पहिल्यांदाच मागच्या सीटवरून बघत होते.

वेवजीच्या अलीकडे हितेशभाईंचा फोन आला, काम कसं झालं विचारायला. बाबा चालवताना फोन घेत नाहीत. आईने घेऊन स्पीकरवर टाकला.

"काकी, गाडीतून काही बीप-बीप आवाज वगैरे नाही ना येत?"

"गाडीतून नाही येत," आई म्हणाली. "मागच्या सीटवरून येतोय. डहाणूपासून सलग."

"त्याचं मशीन नाही हो आमच्याकडे, काकी," हितेशभाई म्हणाले. "काल मी पण बघितलं ना बंद होतंय का."