ओळीच्या शेवटी

कोल्हापुरातल्या सरकारी दवाखान्याबाहेर आमची संस्था दुपारी फुकट जेवण देते. ओळीत येईल त्याला वाढायचं, विचारायचं नाही. वाढायला हुपरीहून एक मावशी येतात. ताट पुढं करताना कुणी अवघडलं की गरजतात, “पावणं, लाजताय काय? घ्या की!”

देणग्या आटल्यावर वाढणाऱ्यांचं जेवण मीच बंद करायला लावलं. बाकीचे हळूहळू गळाले. मावशी मात्र “जेवूनच आलोय की” म्हणत येत राहिल्या. त्यांच्या घरचं पैंजणांचं काम बसलंय, हे मला ठाऊक होतं.

काल त्यांनी आमटीची पळी माझ्या हातात दिली, पदराला हात पुसले आणि ताट घेऊन ओळीच्या शेवटी उभ्या राहिल्या. त्यांची पाळी आली, तरी माझी मान वर होईना.

“सर, लाजताय काय? वाढा की!”