पाच लिटरची गॅस्केट

लग्नाआधी जर्मनीत मी एश्बॉर्नला राहायचो आणि आता माझी बायको असलेली ती बाड हॉम्बुर्गला. आमचं तेव्हाचं प्रेम म्हणजे पाठीवरच्या सॅकमध्ये कुकर घालून केलेला एस-बानचा, म्हणजे तिथल्या लोकलचा, प्रवास. तिच्या पाच लिटरच्या कुकरची गॅस्केट सैल झाली होती. झाकणाच्या कडेने वाफ निसटायची आणि शिट्टी काही व्हायची नाही. जर्मनीत सगळं मिळतं, पण आपल्या कुकरची गॅस्केट शोधताना नाकी नऊ येतात. म्हणून दर शनिवारी मी माझा तीन लिटरचा कुकर घेऊन जायचो. गाडीच्या डब्यात खडखडाट नको म्हणून शिट्टी मोज्यात गुंडाळलेली असायची. मोजा धुतलेला असे, हे सांगितलेलं बरं.

कुकर लहान, त्यामुळे आधी वरण आणि मग भात असा दोनदा लावावा लागे. फोडणीचा वास जिन्यात जाऊ नये म्हणून खिडकी सताड उघडी टाकून, जॅकेटं घालून आम्ही स्वयंपाकघरात गप्पा मारत बसायचो. इतकं सुख मला नंतर गरम घरातही क्वचितच मिळालं.

"आल्झो, तर मग, आज डाळ शिजली की आपलं पुढचं बोलू," ती म्हणायची. डाळ शिजायची, बोलणं राहून जायचं. तिची नोकरी इथे पक्की होती. मी मात्र दोन वर्षांसाठी आलो होतो, आणि वडील गेल्यापासून पुण्यात आई एकटी होती. परत येतो, असं मी आईला सांगून निघालो होतो.

त्या हिवाळ्यात आई पहिल्यांदाच इकडे येणार होती. मी फोनवर सहज म्हणालो, "येताना पाच लिटरच्या कुकरची गॅस्केट आण."

"बरं," ती म्हणाली.

माझा कुकर तिनेच घेऊन दिला होता, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. आणि म्हणे इंजिनिअर.

विमानतळावरून घरी आल्यावर बॅग उघडायच्या आधीच तिने विचारलं, "तुझा कुकर तीन लिटरचा. पाच लिटरवाली कोण?"

मी सगळं सांगून टाकलं.

शनिवारी तिला बाड हॉम्बुर्गला घेऊन गेलो. "काकू, द्या, मी बसवते," असं ही म्हणत असताना आईने स्वतःच गॅस्केट बसवली, डाळ-तांदूळ एकदमच लावले आणि पहिली शिट्टी होईपर्यंत ओट्यापासून हलली नाही. मग पोटभर जेवली. निघताना हिच्या गालावरून हात फिरवला.

परतताना एस-बानमध्ये आई खिडकीशी बसली. मग म्हणाली, "म्हणजे तू आता परत येणार नाहीस."

खोटं बोलवेना. "नाही, आई."

आईने शाल अंगाभोवती घट्ट ओढून घेतली.

"मग यापुढे मला उन्हाळ्यात बोलवत जा," ती म्हणाली. "ही थंडी मला सोसत नाही."