गजूभाऊंचा डबा

गजूभाऊ कुठल्याही गोष्टीविषयी बोलण्याआधी ती तोंडात घालत. वांगं असो, कोथिंबिरीची काडी असो, नाहीतर दुसऱ्याच्या विहिरीचं पाणी. डोळे मिटायचे, जबडा सावकाश हलवायचा आणि समोरच्याला ताटकळत ठेवून मग निकाल द्यायचा. माझ्या लग्नात आचाऱ्यानं त्यांना रश्श्याचं विचारलं, तेव्हा ते कढईपाशी इतका वेळ डोळे मिटून उभे राहिले की त्यानं घाबरून त्यांना हलवलं. "पह्यले चाखू द्या, मंग बोलू," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. न चाखता बोलणाऱ्या माणसाविषयी त्यांना फारसा आदर नव्हता. त्यांच्या या यादीत पुढे मीही जाऊन बसलो.

चांदूर रेल्वेजवळच्या आमच्या गावात त्यांचं घर आमच्या घराला लागून. माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी मोठे. गावाबाहेर त्यांची भाजीची वाडी होती. मेथी, पालक, अंबाडी, घोळ अशा पालेभाज्यांच्या जुड्या घेऊन ते आठवड्यातून दोनदा पहाटेच्या बसनं अमरावतीला यायचे. बाजार उरकला की मी शिकवतो त्या कॉलेजच्या फाटकाशी येऊन मोठ्यानं विचारायचे, "आमचा संज्या कोठी बसते?" शिपायाला ते ऐकून हसू यायचं आणि मला घाम फुटायचा. मी प्राध्यापक झालो होतो ना!

काही वर्षांपूर्वी शहरात तीन दिवसांचा सांस्कृतिक महोत्सव भरला. परदेशी लोकनृत्यांची पथकं आली होती आणि प्रत्येक देशाच्या खाण्याचा एकेक स्टॉल होता. पहिल्या दिवशी मी देशमुख आणि नागपुरे या माझ्या दोन सहकाऱ्यांबरोबर निघालो, तर फाटकाशी गजूभाऊ उभे. सोबत या म्हणणं भाग पडलं.

ग्रीसच्या स्टॉलवर नृत्यपथकातली एक वयस्कर बाई स्वतः वाढत होती आणि कॉलेजची एक मुलगी दुभाष्याचं काम करत होती. आधी द्राक्षाच्या पानात गुंडाळलेला आंबूस भात आला. मग खारवलेली ऑलिव्ह. गजूभाऊंनी एक तोंडात टाकलं, डोळे मिटले. "भोकराच्या लोणच्याचा भाऊ आये हा," निकाल लागला. मध-लिंबाचं बडीशेप घातलेलं सरबत त्यांनी एका दमात संपवलं. मग चिमुकल्या कपात तिकडची दाट, न गाळलेली कॉफी आली. आम्ही तिघांनी वरची पिऊन खालचा गाळ सोडला. गजूभाऊंनी बोट घालून तोही साफ केला. "गाळाले इसरली बाई, पण टाकाची काहून?" देशमुख तोंड फिरवून हसले.

शेवटी दह्यात कालवलेली एक हिरवी कोशिंबीर आली. पहिल्याच घासाला गजूभाऊंचे डोळे, मिटायच्याऐवजी, टक्क उघडले.

"घोळ! संज्या, हे तं घोळ आये बाप्पा!"

आणि थेट त्या बाईलाच त्यांनी विचारलं, "बाई, तुमच्या इकडं भी निंगते काय घोळ?" तिला शब्द कळला नाही, पण त्यांनी दोन्ही हात जमिनीसरसे पसरत नेऊन घोळ कशी पसरते ते दाखवलं, आणि बाई टाळी वाजवून हसली. तिनंही तसेच हात पसरले. मुलीनं सांगितलं की इथल्या बाजारात ही भाजी दिसली तेव्हा आजींना आपल्या गावाची आठवण आली. दोघं बराच वेळ एकमेकांशी आपापल्या भाषेत बोलत राहिले. भोवती माणसं जमली. देशमुखांनी माझ्या कानाशी विचारलं, "तुमचे कोण हे?"

"गावाकडचे आहेत. ओळखीचे," मी म्हणालो.

ज्यांच्या खांद्यावर बसून मी पोळ्याचे बैल पाहिले, ते ओळखीचे!

परतताना त्यांच्या हातात ती कागदी वाटी तशीच होती. मी म्हटलं, टाका ती. ते म्हणाले, "कोणाचं खाल्लं तं भांडं रिकामं वापस करत नाई आपण. कागदाचं आये तं काय झालं?"

दुसऱ्या दिवशी त्यांचा बाजार नव्हता. तरी सकाळच्या बसनं आले ते फक्त डबा द्यायला. घोळीची डाळभाजी, दोन कळण्याच्या भाकरी आणि लसणाचा ठेचा. "ओलिताची पाळी आये, मले थांबता येत नाई. बाईले देजो, अन् काय म्हणते थे सांगजो." आल्या पावली परत गेले.

डबा स्टीलचा, झाकणावर नाव कोरलेलं, वहिनींच्या जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधलेला. फडक्याला तेल सुटलं होतं. संध्याकाळी देशमुख आणि नागपुरे सोबत होते. मी त्या बाईसमोर उभा राहिलो, तिच्याकडून ऑलिव्ह विकत घेतली, आणि डबा गाडीच्या डिकीतच राहिला. घरी येऊन सगळं गाईला घातलं. बोटानं चाखलंसुद्धा नाही.

रात्री त्यांचा फोन आला. "काय म्हणली बाई?"

"डोळे मिटून खाल्लं तिनं, भाऊ. दोनदा वाढून घेतलं." त्यांचीच लकब मी तिला चिकटवली.

तिसऱ्या दिवशी बाजारात जाऊन मी घासलेला डबा त्यांना दिला. आत ऑलिव्ह. तिनं पाठवली, असं सांगितलं. त्यांनी झाकण उघडून पाहिलं आणि किती तरी वेळ हसत राहिले.

त्यानंतर ते कॉलेजवर फारसे आले नाहीत. मला बरंच वाटलं, हे आज कबूल करतो. मी गावी गेलो की मात्र मला वाडीत नेत. विहिरीजवळ एक आळं केलेलं असायचं. त्यात त्यांनी ऑलिव्हच्या बिया पुरल्या होत्या. खारवलेलं बी उगवत नाही, हे मला ठाऊक होतं आणि त्यांना तर माझ्याहून जास्त ठाऊक असणार. तिथं उभे राहून ते दरवेळी विचारत, "संज्या, काय म्हणली होती रे थे बाई?" मी तीच गोष्ट सांगत असे. दोनदाचं कधी तीनदा होई. ते माझ्या तोंडाकडे पाहत ऐकत आणि "बरं" म्हणून पाणी द्यायला वळत.

गेल्या हिवाळ्यात वाडीतच छातीत कळ येऊन ते गेले. तेरावं झाल्यावर मी वहिनींना भेटायला वाडीत गेलो. विहिरीजवळचं आळं ओलं होतं. वहिनी अजून पाणी घालत होत्या. मला राहवलं नाही. म्हटलं, "वहिनी, ते उगवणार नाही. आणि तो डबाही मी त्या बाईला..."

"मालूम आये, भाऊजी," त्या म्हणाल्या. "तुमी डबा वापस देल्ला, त्याच दिवशी दुपारी गेलते ना ते तिथं. बाईले भेटाले. मंग थ्या पोरीनं सांगतलं का असा काई डबा आलाच नाई."

त्यांनी आळ्यातलं वाळकं पान उचलून बाजूला टाकलं.

"मी लय चिडली होती. तं मलेच म्हणे, डबा रिकामा तं नाई आला ना? त्यानं काई तरी टाकलं त्याच्यात. लाज वाटली असन पोराले."

"पण मला कधीच विचारलं नाही त्यांनी," मी कसंबसं म्हणालो.

"इचारत तं होते," वहिनी म्हणाल्या. "दर येळी."

निघताना त्यांनी डबा हातात ठेवला. तोच, झाकणावर नाव कोरलेला. चांदूरच्या स्टँडवर बसला अजून वेळ होता. बाकावर बसून मी तो उघडला. घोळीची भाजी होती. पहिला घास घेतला आणि डोळे आपोआप मिटले. किंचित आंबूस, लसूण पुढे आलेला, डाळ अगदी बेताची. फार चांगली झाली होती. हे सांगायला आता मला उशीर झाला होता.