ताडपत्रीखाली कोण रडलं

बेंबळीत गेल्या पंचवीस वर्षांत जन्मलेलं जवळपास प्रत्येक लेकरू सत्यभामामावशींच्या नडग्यांवर पालथं पडलेलं आहे. नवं बाळ घरी आलं की सकाळी नऊच्या सुमाराला मावशी येतात, पदर खोचतात, न्हाणीत पाटावर पाय लांब करून बसतात आणि म्हणतात, "आणा." बाळाची आई घाबरलेली असते, बाळ तिच्याहून घाबरलेलं असतं. मावशी कुणालाच घाबरत नाहीत.

मी इथल्या शाळेत गणित शिकवते. माहेर तुळजापूरचं, पण आईची तब्येत नीट नसल्यानं माझी दोन्ही बाळंतपणं इथंच, भाड्याच्या घरात झाली. आधी यज्ञेश आणि सहा वर्षांनी वैदेही. दोघांनाही मावशींनीच न्हाऊमाखू घातलं, त्यामुळं मी त्यांना चांगली ओळखते. पहिल्या लेकराला मावशी नुसती अंघोळ घालतात. त्यांचं खरं काम दुसऱ्या लेकराला सुरू होतं. तेल लावता लावता त्या कान बघतात, टाच बघतात, डोक्यावरचा भोवरा बोटानं चाचपतात आणि पाचव्या दिवशी निकाल देतात.

वैदेहीचा निकाल असा होता: "कान भावाचं. टाच बी भावाची. भोवरा मातर उलटा फिरलाय. त्येच्या डोईवर पाणी पडलं की त्यो डोळं गच्च मिटून घ्यायचा. ही बगा, तोंड उगडून पाणी पितीय."

"म्हणजे पुढं काय होणार, मावशी?"

"काय व्हायचंय? त्यो सांगितलं तसं वागंल, ही सांगंल तसं वागवंल."

दारात उभा राहून ऐकणारा यज्ञेश रागावला. "मी पण पाणी पीत होतो," तो म्हणाला.

"न्हाय राजा. तू डोळं मिटून घ्यायचास अन् समदं कवा संपतंय त्येची वाट बगायचास."

शाळेत तोंडी परीक्षेला यज्ञेश अजून तेच करतो, हे मी मावशींना सांगितलं नाही. आधीच त्यांचा स्वतःवर फार विश्वास आहे.

तो असायला कारणही आहे. गावातल्या कुठल्याही दोन भावंडांविषयी विचारा, मावशींना आठवतं. कुणाच्या थोरल्याला तिळाचं तेल सोसायचं नाही, कुणाची धाकटी शेकाच्या धुराला शिंकायची. या सगळ्या हिशेबाचं मूळ उदाहरण म्हणजे त्यांचे स्वतःचे दोन मुलगे, बलभीम आणि कृष्णराज. त्यांची गोष्ट मी इतक्यांदा ऐकली होती की मला ती पाठ झाली होती.

"माझं थोरलं म्हंजी नुसतं थंड पाणी," मावशी सांगायच्या. "अन् धाकटं म्हंजी इस्तू. किल्लारीचा भूकंप झाला त्या साली आख्खं गाव रानात ताडपत्र्या टाकून ऱ्हायलं व्हतं. धरणी हलायची थांबली, पर आमचं कृष्णराज रडायचं थांबंना. शेवटी शेजारच्यांनी आपली ताडपत्री उचलून पल्याडच्या वावरात नेली. म्हणले, धक्के परवडले पर ह्ये नको."

ही गोष्ट घरात कायद्यासारखी चालायची. बलभीम शांत म्हणून सोयरिकीची बोलणी करायला बलभीम, बैल बघायला बलभीम, वादाच्या बांधावर समजूत घालायला बलभीम. कृष्णराज तापट, म्हणून त्यानं आपलं चौकातलं दुकान सांभाळावं आणि विहिरीवरच्या मोटारींचं जळालेलं वायंडिंग भरून द्यावं. प्रत्यक्षात बलभीमभाऊ बोलायला लागले की शेजारची म्हैस मान वर करते, आणि कृष्णराजचा चढलेला आवाज मी आजवर ऐकलेला नाही. पण मावशींना ते दिसायचं नाही. कृष्णराज गप्प बसला की त्या हळूच सांगायच्या, "वरून गप हाय. आतून तापलंय."

गेल्या श्रावणात कृष्णराजच्या बायकोला, निकिताला, मुलगा झाला. पहिली मुलगी राजेश्वरी चार वर्षांची. हे दुसरं बाळ जन्मल्यापासून रडत होतं. दूध पाजलं तरी रडायचं, झोळीत घातलं तरी रडायचं, दवाखान्यात डॉक्टरांनी काही नाही म्हणून सांगितलं तेव्हाही ते रडतच होतं. मावशींनी पाचव्या दिवसापर्यंत थांबायची तसदी घेतली नाही. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "बापावर गेलंय."

कृष्णराज बाळाला खांद्यावर घेऊन अंगणात फेऱ्या मारत राहिला. निकिताची आई भेटायला आली, तिनंही जावयाकडं जरा निराळ्या नजरेनं बघितलं.

बाळ दीड महिन्याचं झालं तेव्हा निकितानं मला त्याच्या आधार कार्डाचा अर्ज भरायला बोलावलं. मी वैदेहीला कडेवर घेऊन गेले. न्हाणीचं दार उघडं होतं, मावशी पाटावर होत्या, बाळ नडग्यांवर आणि त्याचा आवाज चौकापर्यंत. कृष्णराज पंचा धरून उभा होता. मावशींचे मालक हरिबा ओसरीवर सुपारी कातरत बसले होते. मी बाजेवर बसून कृष्णराजच्या कार्डावरून नंबर उतरवायला लागले. जन्मतारीख होती एक जून एकोणीसशे शहाण्णव.

गणित शिकवणाऱ्या माणसाची ही वाईट खोड आहे. आकडा दिसला की तो दुसऱ्या आकड्यातून वजा केल्याशिवाय राहवत नाही.

"मावशी," मी म्हणाले, "कृष्णराज शहाण्णवचा आहे."

"आसंल."

"भूकंप त्र्याण्णवला झाला."

"झाला आसंल."

"मग ताडपत्रीखाली तो कसा रडला?"

मावशींचा तांब्या हवेतच थांबला. सात-आठ वर्षांच्या ओळखीत मी तो पहिल्यांदाच थांबलेला बघितला. बाळालाही नवल वाटलं असावं, तेही क्षणभर गप्प झालं.

"शाळंतल्या तारखा खऱ्या नसत्यात, बाई," मावशी म्हणाल्या. "गुरुजी समद्यांनाच एक जून घालायचे."

हे खरं होतं. निकितानं बलभीमभाऊंचं कार्ड आणून दाखवलं, त्यावरही एक जूनच होता. साल मात्र त्र्याण्णव.

"महिना चुकेल, मावशी. तीन वर्षं कशी चुकतील?"

"लिवणाऱ्याचा हात हाय. हिकडं तिकडं व्हतंय."

"बलभीम रडायचा," ओसरीवरून आवाज आला.

आम्ही सगळे वळलो. हरिबांच्या तोंडून मी तोवर एकंदर दहा वाक्यं ऐकली असतील, त्यातली चार पावसाविषयी होती.

"तुमाला ठावं व्हतं?" मावशींनी विचारलं.

"व्हय."

"अन् इतकी वर्सं गप बसला?"

हरिबांनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं. "तू बोलत व्हतीस की," ते म्हणाले.

तेवढ्यात बलभीमभाऊ रानातून आले. काय झालं ते निकितानं सांगितलं आणि ते भडकले. आपण जन्मापासून किती शांत आहोत हे त्यांनी आम्हाला दहा मिनिटं सांगितलं. सांगता सांगता त्यांनी टोपी काढून बाजेवर आपटली. शेजारची बाई भांडण लागलं समजून भिंतीवरून डोकावली, आणि निकिता पदर तोंडाला लावून आत पळाली. वैदेही माझ्या कडेवरून त्यांच्याकडं टक लावून बघत होती.

कृष्णराजनं बाळाला पंच्यात गुंडाळलं. मग साध्या आवाजात आईला विचारलं, "मग म्या काय करायचो?"

मावशींनी सांगायला तोंड उघडलं आणि तसंच राहू दिलं. अख्ख्या गावाची तान्ही मुलं ज्यांच्या जिभेवर होती, त्यांना आपलं धाकटं आठवेना. त्यांनी हरिबांकडं बघितलं. हरिबांनी मान हलवली. त्यांनाही काही आठवत नव्हतं. कृष्णराज बाळ निकिताकडं देऊन दुकानावर गेला.

दुसऱ्या दिवशी मावशी वैदेहीला तेल लावायला आल्या. ती आता मोठी झाली होती, पण आठवड्यातून एकदा त्या यायच्या. त्या दिवशी त्यांनी तिचा कान बघितला नाही की टाच बघितली नाही.

"लई आठवून बगितलं, बाई," बऱ्याच वेळानं त्या म्हणाल्या. "काईच येईना. रडणारं ध्यानात ऱ्हातंय. गप लेकराला पाजलं, निजवलं अन् आमी खुरपायला गेलो. परत आलो तर ते निजलेलंच. त्येचं काय ध्यानात ठिवायचं?"

मला त्या वजाबाकीचा जरा पश्चात्ताप होत होता.

"बरं, रडणं तरी त्येच्या नावावर कसं गेलं, त्ये बी कळंना," त्या म्हणाल्या. "थोरला शांत अन् धाकटा तापट, आसं बोलायला बरं वाटतंय. बोलून बोलून तसंच झालं."

पण मावशी हातपाय गाळून बसणाऱ्यातल्या नव्हेत. हरिबांची थोरली बहीण सोनारीला असते. कृष्णराज जन्मला त्या वर्षी ती आजारपणामुळं आठ-दहा महिने माहेरी राहिली होती. मावशींनी तिला फोन लावला. वन्सं ऐकायला कमी येणाऱ्या, मावशी फोनवर ओरडणाऱ्या. दोघींचं बोलणं अर्ध्या गल्लीनं ऐकलं, त्या दोघींनी मात्र एकमेकींचं काही ऐकलं नाही. शेवटी मावशींनी ठरवलं की समोर जाऊनच विचारायचं. रविवारी कृष्णराजनं दुकान बंद ठेवलं आणि आईला मोटारसायकलवर बसवून सोनारीला नेलं. तीन तासांचा रस्ता. दोघंच असं कुठं गेल्याचं निकिताला आठवत नव्हतं.

तिथं काय झालं ते मावशींनी मला परत आल्यावर सांगितलं, आणि त्यात त्यांनी भर घातलेली नाही असं मी धरून चालते, कारण कृष्णराज शेजारी उभा राहून मान डोलवत होता.

आधी भैरवनाथाचं दर्शन झालं. मग वन्संच्या घरी पडवीत बसल्यावर मावशींनी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं, "वन्सं, ह्यो ल्हान आस्ताना कसा व्हता?"

म्हातारीनं कृष्णराजला जवळ बोलावून त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "ह्यो? ह्यो व्हय. ह्येच्यापायी मला कामच करू वाटायचं न्हाय. नुसतं बगायचा."

"काय बगायचा?"

"फिरतंय त्ये. तू रानात गेलीस की म्या ह्येला पिठाच्या डब्यापशी ठिवायची. चाळण फिरली की ह्येची मान फिरायची. जातं फिरलं की डोळं फिरायचं. रडायचा न्हाय, हसायचा न्हाय. जातं थांबलं की मातर माझ्याकडं आसा बगायचा, जसं काय मीच काम बिगाडलं." म्हातारीनं त्याचा उजवा हात उलटा केला आणि करंगळीजवळचं बोट दाबून बघितलं. "हे बग. सायकल उलटी करून ठिवली व्हती, चाक फिरत व्हतं. वर्साचा नव्हता झाला. घातलं बोट. रगात आलं. रडला न्हाय, माझ्याकडं येऊन बोट दाखवलं."

बोटावर पांढरी बारीक रेघ होती. आपल्याला ती दुकानात कधीतरी पत्र्यानं लागली असावी, असं कृष्णराजला वाटत आलं होतं. वायंडिंगची तार गुंडाळणारं तेच बोट. तो ते बघत राहिला. मग आत्याला म्हणाला, "आजून सांगा."

त्या दोघी दुपारपर्यंत सांगत राहिल्या. वन्संनी एक सांगितलं की मावशींना त्याला लागून दुसरं आठवायचं. एकदा त्याला कडब्याच्या गंजीपाशी विसरून सगळे घरी आले होते. परत गेले तेव्हा तो पवनचक्कीसारखं फिरणारं वाळलेलं पान बघत बसला होता. मावशींना ते सगळं दिसायला लागलं, असं त्या म्हणाल्या, आणि हे सांगताना त्यांनी पदरानं डोळे पुसले. लगेच मला दटावलं, "धूर गेलाय." शेगडी बंद होती.

दोन दिवसांत ती चाळणीची आणि जात्याची गोष्ट साऱ्या बेंबळीला ठाऊक झाली. मावशी ती अशी सांगत होत्या की जणू त्यांनी ती तीस वर्षं जपून ठेवली होती. सोनारीचं आणि वन्संचं नाव तिसऱ्या दिवशी त्यातून गळून पडलं. वजाबाकी कुणी केली हे तर पहिल्याच दिवशी गळालं होतं.

रडकं बाळ आता रीतसर थोरल्या चुलत्यावर गेलं. "तुलाच कळंल त्येला काय पायजे," असं म्हणून मावशी ते बलभीमभाऊंच्या हातात देऊ लागल्या. ते सुरुवातीला तणतणले. मग संध्याकाळी बाळाला खांद्यावर टाकून अंगणात फिरू लागले. फिरताना सोयाबीनचा भाव, टाकीचा फुटलेला पाईप, सोसायटीतला गोंधळ असं सगळं त्याला मोठ्यानं सांगायचे. ते ऐकून बाळ झोपायचं. त्याला कंटाळा येत असावा, असा निकिताचा कयास आहे. तिनं तो दिरांना सांगितलेला नाही.

परवा मी शाळेतून येताना कृष्णराजच्या दुकानाशी थांबले. आमच्या पाण्याच्या मोटारीचं काम होतं. तो म्हणाला, "बाई, एक दाखवू का?" आणि त्यानं मोबाईल पुढं केला. त्यावर त्याच्या राजेश्वरीचा व्हिडिओ होता. ती दुकानात जमिनीवर बसून डब्यातले नट आणि बोल्ट वेगळे करत होती. बोलत नव्हती, वर बघत नव्हती.

"काय करतेय ती?"

"काय न्हाय," तो म्हणाला. "बसलीय."

व्हिडिओ साडेतीन मिनिटांचा होता. त्यानं तो पूर्ण दाखवला, मीही पूर्ण बघितला.