चिमीच्या तोंडातला पांढरा दोरा

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. भावाला नाही, भन्तेंना नाही, आणि आईला तर — तिला कसं सांगणार? तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही कधी आमच्या घरी येणार नाही, आईच्या मनगटाकडे पाहणार नाही.

गेल्या मे महिन्यात आई खुब्याच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात होती. तिच्यासाठी आम्ही घरी परित्राण पाठ ठेवला. बुद्धमूर्तीपासून निघालेला पांढरा दोरा सगळ्यांच्या हातांतून फिरला. पाठ संपल्यावर भन्तेंनी तो एकेकाच्या मनगटावर बांधला आणि उरलेला माझ्याकडे दिला — आई घरी आली की तिला बांधायला. आईनंही फोनवर बजावलं होतं, "माह्या वाटचा दोरा नीट ठेवजो वं, सुजा."

आणि मी काय केलं? फोन वाजला म्हणून तो खुर्चीच्या हातावर टाकला, नि विसरले. घरात मांजर आहे हे काय मला माहीत नव्हतं? चिमी आईची. आई दवाखान्यात गेल्यापासून ती तिच्या पलंगाखालून हलत नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी कूलर लावायला गेले, तर चिमी मूर्तीसमोर बसलेली. तोंड उघडत होती, मिटत होती — आवाज मात्र नाही. ओठाच्या कोपऱ्यातून चार बोटं ओला दोरा लोंबत होता.

मी फोनवर शोधलं. स्पष्ट लिहिलं होतं: दोरा ओढू नका, आतडं कापलं जातं; तोडूही नका; तसंच डॉक्टरकडे न्या. वाचलं. पुन्हा वाचलं. आणि ओढला! थोडा आला, मग अडला. आणि मग — कसं सांगू — आतून कोणी ओढून घ्यावा तसा माझ्या बोटांतून परत सरकला. चिमी पापणी न हलवता माझ्याकडे पाहत होती. मी भ्याले. कात्री आणली आणि दोरा ओठालगत कापला. चिमीसाठी? छे. संध्याकाळी भाऊ येणार होता, त्याला दिसू नये म्हणून.

भाऊ आला, चिमीची दशा पाहून त्यानंच तिला धरमपेठेतल्या डॉक्टरांकडे न्यायला लावलं. डॉक्टरांनी पहिला प्रश्न हाच केला, "काही गिळलं काय हिनं? दोरा, रबर, सुई?"

भाऊ शेजारीच उभा होता. मी म्हटलं, "नाही जी."

डॉक्टर तोंडात पाहायला गेले तर चिमी त्यांना चावली. "नक्की ना?" त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं. उन्हाचा त्रास समजून त्यांनी सलाईन लावलं. माझ्या एका शब्दावर तिचा जीव होता, आणि मला ते तेव्हाही कळत होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. अंगणातल्या पेरूखाली आम्ही तिला पुरलं. त्याच दुपारी आई घरी आली. उंबऱ्यातच तिनं विचारलं, "चिमी कुठी हाय वं?" ऊन लागलं, असं मी सांगितलं. मग शिवणाच्या डब्यातल्या रिळाचा पांढरा दोरा तोडून तिच्या मनगटाला बांधला. आईनं तो डोळ्यांना लावला, हात जोडले. खरा दोरा पेरूखाली, चिमीच्या पोटात होता.

वर्ष झालं. दोरा मळून काळा पडला, पण आई काढू देत नाही. रोज दुपारी कूलर लावायच्या वेळेला ती मनगट घट्ट धरते. "याले कोणतरी ओढून राह्यलं वं, सुजा." म्हातारपणाचे भास, मी स्वतःची समजूत घालायचे.

काल मी तिच्याजवळ बसून पाहिलं. कूलर बंद, खिडकी बंद, आईचा हात उशीवर पडलेला. आणि दोऱ्याचं सुटं टोक पलंगाच्या कडेकडे, खाली, ताठ झालं होतं.

मी पलंगाखाली वाकून पाहिलं नाही.

"मले खरं सांग," आई म्हणाली, "चिमीनं काही गिळलं तं नोहतं ना वं?"

मी म्हटलं, "नाही वं, आई."